आकड्याच्या पाठीवरची डबी

भिवराबाईला कुठेही गाठ दिसली की तिची दोन बोटं आधी त्या गाठीखाली जातात. नातवाच्या कमरेचा करदोटा असो, नवरीच्या गळ्यातला हार असो, शेजारच्या कुसुमबाईच्या मनगटावरचं नवं घड्याळ असो. बोटं सहज सरकली तर ती गप्प. अडकली तर समोर कोण आहे हे न बघता म्हणणार, "ढिलं कर आधी." गंगाखेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, तेव्हा त्याखालीही तिने बोटं घालून पाहिली. डॉक्टर हसले. भिवराबाई हसली नाही.

वय बावन्न. गाव पालम तालुक्यातलं, गोदावरीच्या एका बंधाऱ्याच्या काठावर. तीन एकर कोरडवाहू आणि पासष्ट मेंढरं. अक्षरओळख बेताची, फोनवरचे आकडे तेवढे कळतात. पण पासष्टांतल्या कुठल्याही मेंढीचं तोंड दाखवा, तिची आई कोण, आजी कोण, कोणत्या साली कुठल्या माळावर व्याली, सगळं सांगेल. कळपात नवी मेंढी आली की पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, कानाला खाच पाडतात. भिवराबाईही पाडते, कारण तिच्या नवऱ्याला, अंगदला, सगळी मेंढरं सारखीच दिसतात. "खुणा ह्यांच्यासाठी हायत," ती म्हणते. "मला कशाला पायजे?"

दिवाळी झाली की बंधाऱ्याचं पाणी उतरायला लागतं. मागे काळा ओला गाळ उरतो, गाळावर आठ-दहा दिवसांत पोपटी गवत येतं आणि मेंढरं दिवसभर तिथेच असतात. त्याच सुमारास पाखरं येतात. पांढरी, लाल चोचीची, लाल पायांची, दीड-दोनशे. मेंढरांच्या खुरांनी गाळातले किडे वर येतात आणि ही पाखरं मागून चालत ते टिपतात.

"सुना सासूमागं चालायल्यात बग," अंगद म्हणायचा.

"सुना कव्हाच म्होरं गेल्यात. तुमचं ध्यान कुटं हाय?"

ही समुद्रावरची पाखरं आहेत, हे भिवराबाईला राजेश्रीने सांगितलं. राजेश्री परभणीची, या पाखरांवरच पीएच.डी. करणारी. गेल्या दोन हिवाळ्यांपासून ती दुर्बीण आणि तिपाई घेऊन काठावर येऊन बसायची आणि दुपारी भिवराबाईच्या फडक्यातली भाकर खायची. तोवर तीस वर्षं भिवराबाईला वाटत होतं, ही पाखरं इथलीच, गंगेची, म्हणजे गोदावरीची.

"समुंदराची? मग हितं काय करायलीत?"

"थंडीपुरती येतात, मावशी. कुरव म्हणतात यांना. उन्हाळ्यात हिमालयाच्या पलीकडे, उंचावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतात. थंडीत बरीचशी समुद्रकाठी जातात, काही आपल्याकडे थांबतात."

"मंजी आमच्यावानीच की. चारा हाय तितं मेंढरांचा वाडा," भिवराबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिला त्या पाखरांबद्दल सोयऱ्यांसारखं वाटू लागलं.

कार्तिकात राजेश्रीने तीन कुरव धरले. प्रत्येकाच्या पायात अक्षरांची पिवळी पट्टी घातली आणि पाठीवर एक डबी बसवली. डबी मोठ्या सुपारीएवढी, वर उन्हावर चालणारी काळी चकचकीत काच. दोन्ही मांड्यांभोवती फिरवलेल्या पट्ट्यांनी ती पाठीला धरलेली. पाखरू कुठे आहे, किती उडालं, हे ती डबी रोज कळवायची. वजन बारा ग्रॅम. पाखराच्या वजनाच्या शंभरात तीन भागांहून जास्त ओझं लादायचं नाही, असा नियम आहे आणि राजेश्रीने तो तंतोतंत पाळला होता. भिवराबाई लांबून बघत होती. मेंढरं सोडून जवळ जाता येईना. पुढे राजेश्रीच्या दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा एकाच्या पायातल्या पट्टीवर जे अक्षर होतं ते तिला तिच्या आकडीसारखं दिसलं. बाभळीच्या शेंगा पाडायच्या काठीला टोकाशी जी असते, तशी. म्हणून त्या पाखराचं नाव आकड्या पडलं.

बाकी दोघांपैकी एक कोकणाकडे निघून गेलं. राजेश्रीने मोबाइलवर त्याच्या वाटेची निळी रेघ दाखवली तेव्हा भिवराबाईने ती बोटाने चाचपून पाहिली. दुसऱ्याची रेघ डिसेंबरात मधेच तुटली. "यंत्र बंद पडलं असेल," राजेश्री म्हणाली होती. आकड्या मात्र इथेच राहिला.

माघ लागला आणि पाखरांची डोकी रंगायला लागली. आधी कानामागे ठिपका, मग हळूहळू सगळं डोकं चॉकलेटी. पोटंही भरली. लांबच्या वाटेला निघायच्या आधी पाखरू खाऊन घेतं, हे भिवराबाईला कुणी सांगावं लागलं नाही. वाडा हलवायचा असला की मेंढरांनाही आधी आठ दिवस चारून घ्यावं लागतं.

एका सकाळी तिच्या ध्यानात आलं, की आकड्या सगळ्यांच्या मागे पडलाय. दुसऱ्या दिवशीही तेच. किडा वर आला की बाकीची पाखरं झेप घ्यायची. हा चालत निघायचा, आणि पोचेपर्यंत किडा दुसऱ्याच्या चोचीत. मग तो थांबायचा. मान वळवून मांडीपाशी चोच घालायचा, टोचायचा, ओढायचा. पुन्हा चालायचा. तिसऱ्या दिवशी तिने मेंढरांकडे पाठ करून फक्त त्याच्यावर नजर ठेवली. दुपारपर्यंत तो दोनदाच उडाला, आणि दोन्ही वेळा पाय पोटाशी न घेता, लोंबते ठेवून.

तिने तिथूनच फोन लावला.

"राजेश्री, भिवरामावशी बोलायले. तुजं पाखरू फसलंय."

"कुठे? जाळ्यात?"

"तुज्या डबीत."

"मावशी, त्याची माहिती रोज येते मला. तो फिरतोय."

"किती फिरायलाय, ते सांग."

बटणं दाबल्याचा आवाज आला. मग राजेश्री हळूच म्हणाली, "जानेवारीपासून कमी झालंय खरं. थंडीमुळे असेल."

"बाकीच्याला थंडी न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी राजेश्री पालमच्या स्टँडवर एसटीतून उतरली. अंगद तिला मोटारसायकलवर घेऊन आला; मागे बसून तिने तिपाई खांद्यावर आडवी धरलेली. तिने दोन तास दुर्बिणीतून पाहिलं. डबी सरळ होती. पाठीवरची पिसं नीट होती. "मला तर वावगं काही दिसत नाही, मावशी."

"दिसनारच न्हाई," भिवराबाई म्हणाली. "मलाबी दिसलं नव्हतं."

"काय?"

भिवराबाईने हातातली काठी आडवी ठेवली आणि बांधावर बसली. ही गोष्ट ती फार जणांना सांगत नाही. सांगताना ती राजेश्रीकडे नव्हे, मेंढरांकडे बघत होती.

"लग्नाला तीन सालं झालती. पवळी मनून म्होरकी मेंढी होती आमची. सगळा कळप तिच्यामागं. मी गंगाखेडच्या बाजारातून तिला पितळंची घंटी आनली. सासू मनली, सुताच्या दोरीत बांद. मला सुताची दोरी मळकट वाटली. घरात निळी नायलॉनची पडलेली, चकचकीत, तिच्यात बांदली. मस्त दिसायलती. जेठाचा महिना. उन्हाळ्यानं मेंढरं खंगल्याली, गळ्याला बेताची बसली दोरी." ती थांबली. "मग पाऊस झाला. गवत झालं. मेंढी भरली, वरून लोकर वाढली. दोरी लोकरीखाली गेली. घंटी वाजायलीच होती की! रोज ऐकायले मी. मला वाटायचं, हाय, चांगली हाय. कातरनीला लोकर काढली तव्हा दोरी मानंत रुतलेली निगाली. आत किडे. चार दिवसांत गेली."

राजेश्री तिच्याशेजारी बांधावर टेकली.

"सासूबाई एक सबुद बोलल्या न्हाईत. घंटी धुतली आन् माज्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." भिवराबाईने आता तिच्याकडे पाहिलं. "तुजी डबीबी रोज वाजायलीय. तू रोज ऐकायलीस. आता मला सांग, बांदली तव्हा हे पाखरू कसं होतं? खंगलेलं का भरलेलं?"

राजेश्रीने पाठपिशवीतून वही काढली. पानं उलटता उलटता तिचा हात मंदावला. "नुकतंच आलेलं होतं. हिमालय ओलांडून. चारशे दहा ग्रॅम." ती पुन्हा दुर्बिणीला चिकटली. आकड्या त्या वेळी गाळात बसलेला होता आणि त्याचं पोट गाळावर टेकलेलं होतं. "आणि आता... आता पाचशेच्या वर असेल. मावशी, ओझं किती हेच आम्ही मोजत बसलो."

"डबीची पट्टी कशाची हाय?"

"ताणते थोडी. पण थोडीच."

"सुताची न्हाई."

"नाही. टिकावी म्हणून."

"टिकली," भिवराबाई म्हणाली.

राजेश्रीला मग राहवेना. दक्षिणेकडच्या बर्फातल्या न उडणाऱ्या पाखरांचं, पेंग्विनांचं, तिने सांगितलं. त्यांच्या पंखांना लोकांनी वर्षानुवर्षं पत्र्याच्या पट्ट्या घातल्या. दहा वर्षं हिशोब ठेवला तेव्हा कळलं, की पट्टीवाली पाखरं लवकर मरतात आणि त्यांची पिल्लंही कमी जगतात. पोहताना पट्टी पाण्याला अडते, तेवढ्यानेच.

"धा वर्सं!" भिवराबाईने कपाळाला हात लावला. "धा वर्सं काय बगायलते, पट्टीकडं का पाखराकडं?"

अंगद हसला. राजेश्रीही हसली, पण तिचे डोळे ओले होते. तिने तिथूनच तिच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, परवानगीचा कागद तुझ्याकडे आहेच, धरता येत असेल तर धर. पण डबी काढलीस की या हंगामातली इथली एकुलती रेघ संपली, हे ध्यानात ठेव. हा कुरव हिमालय कुठून ओलांडतो, हे पाहायलाच ती दोन वर्षं थांबली होती. फोन ठेवून तिने वहीतलं आकड्याचं पान पुन्हा उघडलं.

"कव्हा उठतोय थवा?" भिवराबाईने विचारलं.

"आठ दिवस. फार तर दहा."

"आन् हे आसंच राह्यलं तर?"

"एवढं उडू नाही शकणार. मागे राहील. मग ऊन वाढेल, पाणी आटेल, कुत्री येतील." तिने वही मिटली. "धरू या, मावशी."

पहिला दिवस राजेश्रीच्या जाळ्याचा. झापकन मिटणारं जाळं गाळावर अंथरलं, मधे मासळीचे तुकडे टाकले आणि तिघं बांधामागे लपले. पाच मिनिटांत वीस कुरव मासळीवर. आकड्या कुठे? तो मेंढरांच्या वाटेवर, एकटा. दोरी ओढली तेव्हा जाळ्यात दुसराच एक सापडला, त्याने असा काही आरडाओरडा केला की सगळा थवा उधळला. आकड्या धडपडत पाण्यात शिरला आणि पोहत पोहत मधोमध जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

"एवढ्या मासळीत घरचं कालवण झालं असतं," अंगद म्हणाला.

"तुमचं तोंड मिटतं का जरा?" भिवराबाईचा आवाज चढला. मग ती राजेश्रीकडे वळली. "तुजं जाळं बांदून ठिव. ते पाखरू मान्साला भेतंय, जाळ्याला भेतंय. मेंढराला भेत न्हाई. मला तीन दिस दे."

त्या संध्याकाळी तिने घरातली जुनी काळी घोंगडी काढली. सकाळी मेंढरं गाळावर उतरली, तशी तिने ती घोंगडी मेंढरांच्या वाटेत नुसती टाकून दिली, ढिगासारखी. मेंढरं दोन्ही बाजूंनी निघून गेली. मागून पाखरं आली. आधी लांबून वळसा घालून गेली. दुपारी एकाने घोंगडीवर चढून पाहिलं. भिवराबाई लांब बांधावर बसून गालातल्या गालात हसत होती.

दुसऱ्या दिवशी घोंगडी तिथेच. आज कुणी वळसा घालेना. आकड्या तर तिच्या सावलीला टेकून बसला, मांडीपाशी चोच घालत. राजेश्रीने हाताची मूठ तोंडात धरली. "मावशी, आत्ता जाऊ?"

"न्हाई. आज ते घोंगडीला वळखायलंय. उद्या."

त्या दुपारी थव्याने पहिल्यांदा उंच घिरट्या घेतल्या. दोनशे पाखरं एकदम उठली, वर वर गेली, आरडाओरडा केला आणि पुन्हा खाली आली. आकड्या खालीच होता. तो मान तिरकी करून वर बघत होता. राजेश्रीने भिवराबाईचा दंड घट्ट धरला.

तिसऱ्या दिवशी ऊन जरा वर आलं तसं अंगदने मेंढरं गाळाकडे वळवली. "ह्याऽऽ हुर्रऽऽ!" तो नेहमीसारखाच ओरडत होता. कळपाच्या मधोमध, डोक्यावरून घोंगडी घेऊन, गुडघे वाकवून भिवराबाई चालत होती. आजूबाजूला लोकरीची ऊब, खुरांचा चिकट आवाज, ओल्या गाळाचा वास. गुडघा ठणकत होता. घोंगडीच्या फटीतून तिला फक्त मेंढरांचे पाय दिसत होते. घोंगडीची रोजची जागा आली. ती तिथेच खाली बसली, अंगाची जुडी केली आणि मेंढरांना पुढे जाऊ दिलं.

खुरांचा आवाज लांब गेला. मग पाखरं आली.

तिला ती दिसत नव्हती, ऐकू येत होती. ओल्या गाळावर पडणारी बारीक पावलं. चोचीचे टपटप आवाज. कुणीतरी घोंगडीच्या पाठीवर चढलं, तिच्या पाठीला नखं रुतली, उतरलं. श्वास घ्यावा की नको? फटीसमोरून लाल पाय गेले. पिवळी पट्टी नव्हती. दुसरे लाल पाय. पट्टी नव्हती. तिसरे, चौथे. एकामागून एक पाखरं पुढे निघून गेली आणि गाळ रिकामा झाला. गेला का? दुसरीकडून गेला का? कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, पुसता येईना.

आणि मग, सगळ्यांच्या मागून, फरपटत येणारे दोन पाय. पिवळी पट्टी. पट्टीवर आकडी.

आकड्या फटीसमोर आला. थांबला. मान वळवून मांडीत चोच घातली.

भिवराबाई उठली ती घोंगडीसकट. तीस वर्षं पळणारी कोकरं धरलेले हात होते ते. घोंगडी हवेत पसरली आणि ती छातीवर पडली चिखलात, पुढे हात पसरून. घोंगडीखाली काहीतरी गरम, जिवंत, फडफडणारं.

"घावलं! घावलं गं माय! ये पळ!"

राजेश्री चपला टाकून पळत आली. अंगद मेंढरं सोडून पळत आला. गाळात तो एकदा पडला, उठला, पुन्हा पळाला.

"पंख! मावशी, पंख मिटून धरा!"

"धरलेत गं! चावलं... चावलं मेलं!"

"सोडू नका!"

"सोडतीय कशाला? चावू दे, किती चावायचं ते चावू दे!"

राजेश्रीने मऊ कापडाची टोपी आकड्याच्या डोक्यावर चढवली. अंधार झाला तसा तो एकदम शांत झाला. भिवराबाईने त्याला नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखं पोटाशी घेतलं. तिच्या बोटातून रक्त येत होतं, गालावर चिखल होता, आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

मांडीपाशी राजेश्रीला पट्टी सापडेना. भिवराबाईने लोकर विंचरावी तशी दोन बोटांनी पिसं बाजूला केली, आत बोट नेलं आणि ते थांबलं. "हितं. बोट जायना बग खालून." पट्टी कातडीच्या वळीत गेलेली होती. दोन्ही मांड्यांवर लाल, ओली रेघ. थोडे दिवस आणखी, आणि ती मांसात उतरली असती.

राजेश्रीने बारीक कात्री काढली. कात्री पट्टीखाली गेली आणि तिचा हात थांबला. तिला ती निळी रेघ दिसत असावी, जी आता कधीच हिमालयापर्यंत जाणार नव्हती. भिवराबाईने घाई केली नाही.

कट्‌.

मग दुसरी पट्टी. डबी राजेश्रीच्या तळहातात आली, उन्हात चमकत, अजून चालू.

जखम धुतली, औषध लावलं, कापडी पिशवीत घालून वजन केलं. पाचशे तीस. पायातली पिवळी पट्टी सैल होती, गोल फिरत होती. ती राहू दिली. राजेश्री चिखलातच बसली आणि म्हणाली, "ते दुसरं, डिसेंबरात रेघ तुटलेलं. मी म्हटलं होतं यंत्र बंद पडलं."

भिवराबाई उठली, जवळच्या मेंढीला कान धरून घेऊन आली आणि तिच्या गळ्यातल्या घंटीची दोरी राजेश्रीच्या हातात दिली. "वड."

"मावशी?"

"वड मनलं ना!"

राजेश्रीने ओढलं. मळकी, ऊनपावसाने जुनी झालेली सुताची दोरी एका हिसक्यात तुटली. घंटी खाली पडली.

"साल-दीड साल टिकतीय. मग सडून आपूआप पडतीय. घंटी हारवली तर हारवली. पवळी मेल्यापासून मी जीव जाईल आसं काय बांदत न्हाई."

राजेश्री तुटलेलं सूत बघत राहिली. आणि एकदम ताडकन उठून उभी राहिली. "मधे! मावशी, पट्टीच्या मधे सुताचा एक टाका! एक हंगाम झाला की तो सडेल, डबी आपोआप गळून पडेल! बाहेर काही जण असं करतात, मी वाचलं होतं. वाचलं होतं हो! आमच्याकडे तयार पट्ट्या आल्या आणि त्याच बांधल्या मी." ती फोन घेऊन बांधावर चढली. रेंजसाठी हात उंच करून ती सरांशी जे भांडायला लागली ते लांबपर्यंत ऐकू येत होतं. "नाही सर. सुताचाच. आणि वजन आल्यावरचं नाही, जातानाचं धरायचं! आणि ते कोकणातलं, त्याचीही डबी काढायची!"

आकड्याला सोडलं तेव्हा तो उडाला नाही. चालत पाण्याशी गेला, बसला आणि आंघोळ करायला लागला. पंख आपटून, डोकं बुडवून, पुन्हा पुन्हा. मग काठावर येऊन ज्या जागी पट्टी होती तिथली पिसं नीट करत बसला. दुसऱ्या दिवशीही तो चालतच होता. तिसऱ्या दिवशी मेंढरांमागे एक झेप घेतली, हातभर. राजेश्री परभणीला गेली नाही; भिवराबाईकडेच राहिली. दोघी सकाळी चहासुद्धा काठावर प्यायला लागल्या.

"जमंल का गं त्याला?"

"माहीत नाही, मावशी. आता सांगायला डबीपण नाही."

पाचव्या दिवशी आकड्या पाण्यापलीकडे जाऊन परत आला, पाय पोटाशी घेऊन. भिवराबाईने अंगदच्या पाठीत असा धपका मारला की त्याच्या हातातला चहा सांडला.

सातव्या दिवशी सकाळी वारा वळला. थवा उठला. नेहमीसारखाच आरडाओरडा करत, गोल फिरत वर वर गेला, आणि या वेळी खाली आला नाही. उत्तरेकडे लांबट झाला. राजेश्री दुर्बीण लावून वेड्यासारखी एकेक पाखरू धुंडत होती. "दिसत नाही! पाय आत घेतलेत सगळ्यांनी, पट्टी कशी दिसणार? मावशी, तुम्हाला दिसतोय का? मावशी?"

भिवराबाई वर बघतच नव्हती. ती खाली गाळावर पळत होती. लुगड्याचा काठ चिखलात भिजलेला, गुडघा विसरलेली. मेंढरांच्या वाटेवर पाहिलं. पाण्याच्या कडेला पाहिलं. शेवाळलेल्या दगडांमागे वाकून पाहिलं, बाभळीच्या खोडाआड पाहिलं, आणि जिथे तो रोज पिसं नीट करत बसायचा तिथे जाऊन उभी राहिली. ओल्या गाळात तीन बोटांची पावलं उमटलेली होती. पाण्याकडे गेलेली, परत न आलेली.

तिने दोन्ही हात वर केले आणि बांधावरच्या पोरीकडे बघून ओरडली, "हितं कुनी न्हाई! राजेश्रीऽऽ! एकबी मागं ऱ्हायला न्हाई!"